कॉलरच्या वर

होन्खाई,
९ मे २०१७

मानपांग,

हे पत्र हातात पडलं की आधी शर्टाची वरची गुंडी लाव आणि मगच वाच. तुझ्या उघड्या गळ्याशी बोलायची माझी इच्छा नाही.

एप्रिलच्या सणाला तू रजेवर आलास आणि चर्चच्या अंगणात, सगळ्या गावादेखत मी तुला घालवून दिलं, त्याला महिना झाला. तेव्हापासून तू फोन उचलत नाहीस. नको उचलूस. मीही काही रिकामा बसलेलो नाही. पण काल तुझ्या पलटणीचं पाकीट इथल्या ग्रामपरिषदेच्या नावाने आलं, आणि परिषदेचा अध्यक्ष मीच आहे. म्हणून लिहितोय, तुझी आठवण आली म्हणून नव्हे.

पत्रात काय आहे ते सांगतो, कारण तुला कुणी धड सांगितलं नसेल. तुझ्या बढतीच्या फायलीसाठी फोटो काढला, त्यात गोंदण कॉलरच्या वर अडीच इंच दिसतंय. असं दिसणारं गोंदण गणवेशाला शोभत नाही आणि शिस्तीला बाधक आहे, असं तुझ्या साहेबाचं म्हणणं. मात्र आदिवासी जवानाच्या जमातीत तशी रूढी असेल, तर नियमात सवलत आहे. म्हणून परिषदेने तीन गोष्टी लेखी कळवायच्या: ही खरंच रूढी आहे का, या खुणेचा अर्थ काय, आणि हीच खूण अंगावर असलेल्या गावातल्या दुसऱ्या माणसाचा फोटो.

साहेबाचं काही चुकलं नाही. मी सव्वीस वर्षं नोकरी केली, सुभेदार म्हणून बाहेर पडलो, आणि एकदाही कुणी मला सांगितलं नाही की तोन्वांग, तुझा पट्टा वाकडा आहे. माझ्या तुकडीत एका शिपायाने दंडावर मीनाचं नाव गोंदवलं होतं. पुढे लग्न झालं सरलाशी. मग मीनावर मोर काढला. त्या मोराच्या पिसाऱ्यातही मीना दिसायची आणि परेडला सगळी रांग हसायची. तेव्हाच मी म्हटलं होतं, शिपायाच्या कातडीवर त्याचं खाजगी काही दिसता कामा नये. समोरच्याला वर्दी दिसली पाहिजे, माणूस नंतर.

आणि तू? तुझा बाप गेला तेव्हा तू सात वर्षांचा होतास. माझ्या पाठीवर बसून शाळेत गेलास, मला काका सोडून आपा, म्हणजे बाबा, म्हणायला लागलास, भरतीच्या धावण्याला मी तुला रोज पहाटे डोंगर चढवला. ते काय असा गळा रंगवून उभं राहायला?

ते काय काढलंयस हे मी सणाच्या दिवशी रागाने नीट पाहिलंही नाही. शहरातल्या दुकानात काढलेलं असेल, तर मी रूढी म्हणून खोटं लिहिणार नाही. काय आहे ते कळव. दोन ओळी पुरे.

आपा

२ जून २०१७

मानपांग,

दोन ओळी पुरे म्हटलं, तर तू एकच लिहिलीस. "आपा, आंघ्याला विचारा." बापाच्या वळणावर गेलास. तोही एवढंच बोलायचा आणि मग आठवडाभर बाकीचे अर्थ लावत बसायचे.

गेलो. आंघ्याचं घर आता एका बाजूने कललंय, पण ती स्वतः सरळ बसते. आंगच्या, म्हणजे जुन्या प्रमुखाच्या घरातली ती शेवटची बाई. वय नव्वद की एक्याण्णव, तिचं तिलाही ठाऊक नाही. मी उंबऱ्यावर पाय ठेवला तर आतूनच म्हणाली, "कोण, तोन्वांग? एवढे बूट वाजवत आलास म्हणजे भांडायला आला असशील."

"पोराच्या गळ्यावर तुम्ही काढलंत ते?"

"मग काय त्याने स्वतः काढलं? जरा अक्कल वापर."

"अहो, चाळीस वर्षं हे बंद आहे. पाद्री मला फाडून खाईल. मी त्याच्या मंडळात आहे."

"त्याला माझ्याकडे पाठव. त्याच्या आजोबाचं तोंड मीच गोंदलंय. केवढा रडला होता, तेही सांगेन."

मग तिने मला चहा दिला, काळा, मीठ टाकून, आणि चुलीजवळ बसवलं. वेताच्या काट्यांची ती जुनी जुडी तिथेच आढ्याला खोचलेली होती. मी तिकडे बघायचं टाळलं.

मी विचारलं, "आता डोळ्यांना दिसतं तरी का तुम्हाला?"

"बोटांना दिसतं. चार रेघा आहेत. दोन भरीव, दोन पोकळ."

मानपांग, तू माझ्या वेळचा नाहीस, तुला हे कुणी शिकवलं नव्हतं. तरी तुला ते ठाऊक होतं याचं मला नवल वाटलं. मग तीच म्हणाली की तू तीन दिवस तिच्याकडे येऊन बसत होतास, मला न सांगता. तिने तुला सगळं समजावलं. आमच्या गावात गळ्यावरची आडवी रेघ म्हणजे घेतलेला एक जीव. काटा टेकवण्याआधी आंघ्या विचारते, किती. तिथे कमी सांगायचं नाही आणि जास्तही नाही. खोटं सांगितलं तर जखम चिघळते असं म्हातारे म्हणायचे. लढाईत समोरासमोर मारला असेल, तर रेघ भरीव. मारायला नको होता असा माणूस मारला गेला असेल, तर रेघेच्या नुसत्या कडा काढायच्या आणि मध्ये कातडी तशीच सोडायची. मग त्या मेलेल्याच्या घरी जाऊन, उभं राहून, मी मारला असं सांगायचं. सांगून आल्यावर आंघ्या ती रेघ भरते. तोवर ती उघडी.

मी म्हटलं, "पलटणीच्या कागदात मार्चच्या चकमकीत मानपांगच्या नावावर दोन आहेत. दोन बंदूकवाले. त्याला शाबासकी मिळालीये त्याची."

"कागदाचं मला काय विचारतोस? मला त्याने चार सांगितले."

"बाकीचे दोन कोण?"

तिने चुलीतलं लाकूड आत सारलं. "ते मी त्याला विचारलं नाही. तू विचार. तू त्याचा आपा आहेस."

म्हणून विचारतोय. पण ते पत्रात लिहू नकोस. तुमची पत्रं उघडतात की नाही मला माहीत नाही, आमच्या वेळी उघडायचे. फोन कर. मी उचलेन.

आपा

२४ जून २०१७

मानपांग,

तुझा फोन आला नाही. तुझ्या हवालदाराचा आला. दलबीर नाव सांगितलं. बोलायला मोकळा माणूस. म्हणाला, "सुभेदारसाहेब, जय हिंद! तुमचं नाव पोराकडून ऐकून आहे. मानपांग मला धाकट्या भावासारखा आहे हो. कागद तेवढा लवकर पाठवा, बढती अडकलीये त्याची."

मी म्हटलं, अर्थ काय तो लिहायचाय, जरा वेळ लागेल.

"त्यात काय लिहायचं? पूर्वापार नक्षी आहे, शोभेची, असं लिहा. साहेब तरी कुठे तुम्हा नागा लोकांच्या रूढींचा अभ्यास करायला बसलेत!" हसला. मग म्हणाला, "पोरगा हल्ली एकटा बसतो. नको ते बोलतो. तुम्ही वडीलधारे, तुम्ही समजावा. पुढच्या महिन्यात मी त्याला माझ्याबरोबर पुढच्या चौकीवर नेतोय. हवापालट होईल, डोकं शांत होईल."

मला तो माणूस भला वाटला. आपल्या माणसांची काळजी करणारा हवालदार मिळायला नशीब लागतं.

तर आता माझं ऐक. मी यावर पंधरा दिवस विचार केलाय, नीट झोपलेलो नाही. आंघ्या म्हातारी आहे. तिचा काळ वेगळा होता. तेव्हा शेजारच्या डोंगरावर जाऊन सांगायचं म्हणजे अर्ध्या दिवसाची चाल. ज्याला सांगायचं तो आपल्या ओळखीचा, त्याच्या बायकोचं माहेर आपल्याच गावचं. तुझी नोकरी तशी नाही. तिथे परका मुलूख, धुकं, झाडी, हातात बंदूक आणि निर्णय घ्यायला श्वासाएवढा वेळ. तिथे काय झालं असेल ते मला समजतं. कसं समजतं ते विचारू नकोस. ज्याने नोकरी केली त्याला समजतं, एवढंच धर.

म्हणून मी असं ठरवलंय. अर्जात लिहीन: गळ्यावरच्या रेघा ही जमातीची पूर्वापार शोभेची खूण आहे. रूढी म्हटलं तर खोटं नाही. शोभेची म्हटलं तर फार मोठं खोटं नाही. फोटोचं काहीतरी बघतो. तुझी बढती होऊन जाऊ दे. मग रजा काढून गुवाहाटीला जा, तिथे यंत्राने गोंदण पुसतात, नावापुरता डाग राहतो. तोपर्यंत गळ्याला मफलर गुंडाळ, घसा बसलाय सांग. वर्ष दोन वर्षांत सगळं मागे पडतं. खरंच पडतं. माणूस जेवतो, हसतो, त्याला मुलं होतात, लोक त्याला चर्चच्या मंडळावर घेतात.

आणखी एक. परवा आंघ्याकडे साध्या कपड्यातली दोन माणसं येऊन गेली. इथली नव्हती. हातात तुझा फोटो होता. या रेघा मोजायच्या असतात का, असं विचारलं. आंघ्याला कमी ऐकू येतं असं तिने त्यांना भासवलं. त्यांनी तिला बिस्किटांचा पुडा दिला आणि गेले. तू कुणाकुणाला काय बोललायस?

गप्प राहा, पोरा. हात जोडतो.

आपा

१६ जुलै २०१७

मानपांग,

तुझं सात पानी पत्र पोचलं. टपालाने नाही पाठवलंस, रजेवर येणाऱ्या पोराच्या हाती दिलंस, ते शहाणपणाचं केलंस. मीही हे परत जाणाऱ्या एका पोराच्या हातीच देतोय. मी ते भाताच्या कोठारामागे बसून वाचलं. दोनदा वाचलं. मग तुझ्या काकूने जेवायला हाक मारली, तर माझ्याने उठवेना. ती आली, पत्र हातातून घेतलं आणि तिथेच शेजारी बसून वाचलं. ती रडली. मला रडू आलं नाही, आणि त्याची मला लाज वाटते.

तू लिहिलंस ते मी पुन्हा लिहून काढतो, कारण आपल्या दोघांच्याही हाताने ते एकदा लिहिलं गेलं पाहिजे. चकमक झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडताना तुम्ही चौघं गस्तीवर होतात. दलबीर पुढे. मोहाच्या झाडांखाली दोघं वाकलेले दिसले, जमिनीवर काहीतरी करत होते. तुला वाटलं सुरुंग पेरतायत. दलबीर म्हणाला, मार. तू मारलंस. जवळ गेलात तर टोपलीत मोहाची फुलं. मंगरू नावाचा माणूस आणि त्याची चौदा वर्षांची मुलगी फुलो. तिने हातातली फुलं सोडली नव्हती. दलबीर म्हणाला, रिपोर्टात दोनच आहेत, दोनच राहतील. हे दोघं इथे आलेच नव्हते. चौघांनी मिळून पुरलं.

आणि आता त्या मुलीची आई, बुधनी, रोज तुमच्या फाटकाशी येऊन बसते. मांडीवर दोघांचा फोटो. पहाऱ्यावरचा शिपाई बदलला की त्याला दाखवते, पाहिलंत का. बेपत्ता म्हणून नोंद आहे. तुझी पाळी आली तेव्हा तुलाही तिने फोटो दाखवला. तू नाही म्हणालास.

तू साहेबाला सांगायला दोनदा गेलास आणि दोन्ही वेळा दलबीरने तुला दारातून मागे आणलं. म्हणून तू गळ्यावर लिहून आलास. कॉलरच्या वर, कुणालाही दिसेल असं. कुणीतरी विचारील, हे काय आहे रे, आणि मग तू सांगशील. मानपांग, कुणी विचारलं नाही. गणवेशाला शोभतं का, एवढंच विचारलं. आणि मी तर तेवढंही विचारलं नाही, सगळ्यांदेखत ओरडलो.

तू शेवटी लिहिलंस, "आपा, तुमच्यासारखा चांगला शिपाई मला होता आलं नाही." म्हणून आता तुला एक विचारतो.

माझा शर्ट तू कधी निघालेला पाहिला आहेस? नदीवर पोहताना, शेतावर, आजारात? तुझ्या काकूशिवाय कुणी पाहिलेला नाही. माझ्या छातीवर, दुसऱ्या गुंडीच्या बरोबर खाली, एक रेघ आहे. पोकळ. एकोणनव्वद सालची.

तेव्हा मी नाईक होतो. दुसऱ्याच मुलखात, नाक्यावर. एक माणूस गाय हाकत येत होता. मी थांब म्हणून ओरडलो, तीनदा. तो थांबला नाही, हात खाली घालून काहीतरी उचलायला वाकला. मी गोळी घातली. तो काठी उचलत होता. गावातली माणसं धावत आली तेव्हा कळलं की तो जन्माचा बहिरा होता. कागदावर तो अतिरेकी झाला. मला हवालदाराची पट्टी मिळाली. आंघ्याकडे मी गेलो, कारण झोप लागत नव्हती, पण तिला म्हणालो, गळ्यावर नको, वर्दीत दिसेल. ती म्हणाली होती, "मग दिसायला नको तर काढतोस कशाला?" मी तिला गप्प केलं. छातीवर काढून घेतलं, वरची गुंडी लावली, आणि अठ्ठावीस वर्षं लावून ठेवली.

त्या गुंडीमुळे मला सगळे नीटनेटका शिपाई म्हणायचे. मी तुला जी शिस्त शिकवली, ती ही.

त्याच्या घरी मी गेलो नाही. त्याचं नावही मला माहीत नाही. माहीत करून घेता आलं असतं.

तू पुढच्या चौकीवर दलबीरबरोबर जाऊ नकोस. पोट दुखतंय म्हण, पाय मुरगळला म्हण, दवाखान्यात भरती हो. मी गेल्या पत्रात त्याला भला माणूस म्हटलं होतं. मला कळायला हवं होतं. मला माणसं ओळखता येतात असं मी आयुष्यभर सांगत आलो.

आपा

३० जुलै २०१७

मानपांग,

कागद गेला. पण आधी कबूल करतो की तो पंधरा दिवस आधीच जायला हवा होता. मागचं पत्र पाठवल्यावर माझे हात पुन्हा ढिले पडले. वाटलं, निवृत्तिवेतन जाईल, अध्यक्षपद जाईल, चर्चमध्ये लोक बाकावर शेजारी बसणार नाहीत. तुझ्या काकूने एक आठवडा वाट पाहिली. मग म्हणाली, "तुम्ही नाही लिहिलंत तर मी लिहिते. मला स्पेलिंग येत नाही, पण लिहिते." तिने खरंच कागद घेतला.

काल मोन शहरात फोटोवाल्याकडे गेलो. पोरगी होती दुकानात, तोंडात च्युइंगम. म्हणाली, "अंकल, पासपोर्टचा का?"

"नाही. छातीचा."

"म्हणजे डॉक्टरला दाखवायला?"

"सरकारला दाखवायला."

तिने माझ्याकडे पाहिलं, पडदा ओढला आणि स्टूल दिलं. मी शर्ट काढला. अठ्ठावीस वर्षांत काकूशिवाय दुसऱ्या माणसासमोर पहिल्यांदा. ती च्युइंगम चघळायची थांबली. मग म्हणाली, "माझ्या पणजोबांना अशी होती. पण त्यांची काळी होती, भरलेली." मी म्हटलं, त्यांनी जाऊन सांगितलं असेल. तिला काही कळलं नाही. तिने दिवा जवळ आणला आणि चार फोटो काढले.

अर्जात मी काय लिहिलं ते तुला माहीत असावं. ही रूढी आहे, असं लिहिलं. भरीव रेघेचा अर्थ लिहिला आणि पोकळ रेघेचाही. "लान्स नाईक मानपांग यांच्या गळ्यावर दोन पोकळ रेघा आहेत, म्हणजे त्यांच्या हातून मारायला नको होती अशी दोन माणसं मारली गेली आणि ते अजून त्या घरी सांगू शकलेले नाहीत." नावं लिहिली, जागा लिहिली, तारीख लिहिली. गस्तीवर कोण होतं तेही लिहिलं. सोबत माझ्या छातीचा फोटो आणि माझी १९८९ सालची हकिगत, नाक्याच्या नावासकट. शिस्तीला बाधा येते का, असं त्यांनी विचारलं होतं. त्यावर लिहिलं की गोंदण दिसल्याने बाधा आलेली नाही, ती आधीच आली होती.

एक प्रत तुझ्या साहेबाला, एक वरच्या मुख्यालयाला, एक तिथल्या जिल्हा न्यायालयाला, एक आपल्या पाद्र्याला. चार ठिकाणी गेलं म्हणजे एका पोराला गप्प करून कुणाला काही मिळणार नाही, असा माझा हिशेब आहे. कागद टपालाने पोचायला आठ दिवस लागतात, हे पत्र परत जाणाऱ्या पोराच्या हाती त्याआधी मिळेल. एवढे आठ दिवस सांभाळ. कुणाबरोबर एकटा जाऊ नकोस. पाठ भिंतीला लावून बस.

तुझी नोकरी जाईल. तुरुंगही होईल कदाचित. मी येईन दर महिन्याला, डाळ आणि सुकं मांस घेऊन, मिळू देतील तेवढं. घर तुझं आहे. सणाच्या दिवशी मी जे बोललो ते मागे घेतो. बोलू नये ते बोललो, पोरा.

आपा

१९ ऑगस्ट २०१७

बुधनीबाई,

तुम्ही मला ओळखत नाही. मी लांबच्या डोंगरातला म्हातारा आहे, सैन्यात होतो. तुम्हाला वाचता येत नाही असं कळलं, म्हणून हे पत्र तुमच्या गावातल्या शाळामास्तरांच्या नावाने पाठवतोय. मास्तर, दार लावून, बाईंना बसवून वाचा. मध्ये थांबू नका.

बाई, तुमचा नवरा मंगरू आणि तुमची मुलगी फुलो जिवंत नाहीत. मार्च महिन्यात, उजाडताना, मोहाची फुलं वेचत असताना त्यांना गोळ्या लागल्या. गोळ्या माझ्या पुतण्याने झाडल्या. त्याचं नाव मानपांग. मी त्याला वाढवलं, त्याच्या हातात बंदूक मी दिली. तुम्ही फाटकावर त्याला फोटो दाखवला होता आणि तो नाही म्हणाला होता. तो खोटं बोलला.

त्याला हे तुमच्या दारात उभं राहून सांगायचं होतं. आता त्याला ते जमणार नाही. दोन ऑगस्टला पुढच्या चौकीवर त्याच्याच बंदुकीतून त्याला गोळी लागली. बंदूक साफ करताना, असं कळवलंय. गोळी गळ्यातून आरपार गेली. मी लष्करी रुग्णालयात जाऊन आलो. तो जगेल. पण आवाज गेला, आणि गळ्यावर पुढच्या बाजूला कातडी राहिलेली नाही. तिथे काही लिहिलेलं होतं, ते आता कुणाला वाचता येणार नाही. माझे कागद तिथे पोचले ते नऊ तारखेला. मी जूनमध्ये लिहिले असते, तर वेळेत पोचले असते. हे तुम्हाला सांगायची गरज नाही, तरी सांगतो.

त्याला पाटी आणि पेन्सिल दिली आहे. माझ्याशी तो काही लिहीत नव्हता. मी म्हटलं, बुधनीबाईंना कळवू का? तेव्हा त्याने जागा लिहून दिली. तुमच्या गावाकडून ओढ्याच्या कडेने वर गेलं की मोहाची पाच झाडं एका रांगेत आहेत. त्यातल्या चौथ्या झाडाच्या ओढ्याकडच्या बाजूला. वर तीन दगड आहेत, ते त्याने ठेवले, बाकीच्यांना न कळता. दोघं एकत्रच आहेत. मुलीच्या अंगावर त्याने स्वतःची बरसाती घातली आहे.

एकट्या जाऊ नका. गावाला घेऊन जा, मास्तरांना घ्या. न्यायालयातून माणूस यायचं ठरलंय, चार सप्टेंबरला. तो आल्याशिवाय माती उकरू नका, आणि कुणी आधी उकरायला आलं तर सगळ्यांनी मिळून झाडाखाली बसून राहा. वर्दीतला कुणी कितीही गोड बोलला तरी उठू नका.

मी तीस ऑगस्टला निघतोय, तीन सप्टेंबरला तुमच्या गावात असेन. मला तुमची भाषा येत नाही, मोडकी हिंदी येते. क्षमा मागायला येत नाही, ती मागायचा मला हक्क नाही. जे वर लिहिलं ते तोंडाने सांगायला येतोय, कारण ते तोंडाने सांगायचं असतं. दार उघडू नये असं वाटलं तर उघडू नका, मी बाहेरून सांगेन. तुम्हाला जे बोलायचं असेल ते बोला, गावासमोर बोला, हात उचलावासा वाटला तर उचला. मी बाजूला होणार नाही.

तोन्वांग